क्रुसाला घातलेली प्रदक्षिणा

देवस्थळी सरांचा फोन आला तेव्हा मी जाळायच्या कचऱ्याची पिशवी खाली ठेवून नुकतीच वर आले होते. इथे टोकियोजवळ, ग्योतोकुला, आमच्या इमारतीत मंगळवार जाळायच्या कचऱ्याचा. आठच्या आत पिशवी खाली गेली नाही तर पहिल्या मजल्यावरच्या आजी ती परत आणून दाराशी ठेवतात, वर कमरेत वाकून गोड हसतात, त्यामुळे मंगळवारी सकाळी मी कुणाचीच नसते. धापा टाकतच फोन उचलला. "अनघा, प्रमिला गेली गं. आज पहाटे. शेवटी त्रास नाही झाला." सर एवढंच बोलले... आणि आता जे लिहिणार आहे ते वाचून कुणी मला नावं ठेवली तरी चालेल. मला पहिल्यांदा रडू आलं नाही. मला हुश्श झालं. भिंतीला पाठ टेकून मी जमिनीवर बसले आणि मनात आलं ते एवढंच, की बरं झालं बाई, सांगून झालं होतं. रडू मागाहून आलं, दुपारी भात लावताना आलं, आणि मग चांगलं दोन दिवस पुरलं.

काय सांगून झालं होतं ते आधीच सांगते, उगाच ताणत नाही. प्रमिलाताईंबद्दल मी एकदा, भरल्या हॉलमध्ये, त्यांच्या तोंडावर, एक वाक्य खोटं बोलले होते. दहा शब्दांचंही नसेल. पण त्या वाक्यापायी ही हुशार, तिखट बाई आपलं डोकं चाललं असं समजून चार वर्षं जगली, आणि ज्या कामावर तिचा जीव होता ते काम तिने सोडून दिलं. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. त्यांना कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हापासून तर ते त्यांच्या देखतच घ्यायचं होतं, नंतर फोटोपुढे उभं राहून नाही.

आम्ही जपानात, सेंदाईला गेलो ते ब्याण्णव साली. सुहास, माझा नवरा, विद्यापीठात धातूंवर संशोधन करायला, आणि मी त्याच्या मागोमाग, नवऱ्याच्या व्हिसावर. देवस्थळी सर त्याच प्रयोगशाळेत सीनियर. प्रमिलाताई त्यांच्या पत्नी. मी अठ्ठावीसची, त्या पंचावन्नच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मी नेलेला डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "साबुदाणा भिजवलास की बुडवलास गं?" मी मनात म्हटलं, काय बाई आहे ही! पण पुढच्याच आठवड्यात ह्याच बाई सायकल हाणत आमच्याकडे आल्या. कुठली बस कुठे जाते, कुठल्या दुकानात मुगाची डाळ मिळण्याची शक्यता आहे, कुठल्या कंपनीच्या दह्याचं विरजण लागतं आणि कुठल्याचं हटकून नासतं, सगळं वहीत लिहून देऊन गेल्या. चूक दिसली की बोलून टाकायचं, आणि बोलून झालं की विसरून जायचं, हा त्यांचा स्वभाव. माझा नेमका उलटा. मी चूक दिसू नये म्हणून धडपडणाऱ्यांतली. शाळेत बाईंनी "कुणी केलं हे?" विचारलं की माझी मान आपोआप शेजारणीकडे वळायची. वय वाढलं तरी मानेची सवय गेली नव्हती.

पुण्यात प्रमिलाताई एका संस्थेत शिलालेखांचे ठसे घ्यायच्या. बावीस वर्षं तेच काम. दगडावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत घालवायचा, जरा वाळत आला की शाईचा बोळा हलक्या हाताने टेकवत जायचं. खाच पांढरी राहते, बाकी काळं होतं, आणि दगडावर डोळ्यांना जे दिसत नाही ते कागदावर सरळ वाचता येतं. त्यासाठी त्या देवळांच्या मंडपांत, किल्ल्यांच्या दरवाज्यांत, एकदा तर म्हशींच्या गोठ्यात तासन्‌तास उकिडव्या बसलेल्या. सरांना जपानचं बोलावणं आलं आणि ते सगळं सुटलं. "इथे माझं शिक्षण काय उपयोगाचं? काच वेगळी, डबे वेगळे, कागद वेगळा. बावीस वर्षं दगड वाचले, आता कचरा वाचते," असं म्हणून त्या हसायच्या, पण ते हसणं काही खरं नसायचं.

शनिवारी आमच्यासारख्या परदेशी बायकांचा जपानीचा वर्ग असायचा. शिकवायला ओनोदेरा सेन्सेई, म्हणजे ओनोदेरा सर. एका लहानशा महिला कॉलेजातून निवृत्त झालेले इंग्रजीचे प्राध्यापक, आणि इंग्रजी म्हणजे आपलं नव्हे, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं, जे आज इंग्रजांनाही कळत नाही. त्यांनी एकदा वर्गात एक मोठा गुंडाळलेला कागद आणला आणि उलगडून फळ्यावर लावला. कुठल्याशा देवळातल्या शिळेचा ठसा होता तो. ताकुहोन म्हणतात जपानीत. प्रमिलाताई ताडकन उठल्या, फळ्यापाशी जाऊन कागदाला नाक लावून बघत राहिल्या आणि मराठीतच ओरडल्या, "अगं, हा ठसा आहे! यांचा बोळा आपल्यापेक्षा बारीक आहे, एवढाच फरक!" सेन्सेईंना शब्द कळला नाही, पण माणूस कळलं. पुढच्या शनिवारी ते आम्हा दोघींना त्यांच्या कॉलेजात घेऊन गेले.

कॉलेजच्या मागे एक जुना लाकडी हॉल होता. बॅडमिंटनच्या जाळ्या, मोडक्या खुर्च्या, दोन पेट्या, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे तो क्रूस. खरा नव्हे. खरा इंग्लंडच्या उत्तरेला एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात आहे, अँग्लो-सॅक्सन लोकांनी घडवलेला. त्याची ही प्लास्टरची हुबेहूब नक्कल, फार पूर्वी साच्यातून काढून बोटीने इकडे आणलेली. वरचे आडवे हात मोडलेले, नुसता खांब राहिलेला, माझ्या दीडपट उंच. समोरच्या बाजूला हातात पुस्तक धरलेला एक माणूस, चेहरा झिजलेला. मागच्या बाजूला नुसत्या गाठी आणि वेढे, त्यांतली दोरी कुठे सुरू होते ते शोधायला गेलं की डोळे फिरतात. दोन्ही अरुंद बाजूंवर द्राक्षाची वेल आणि वेलीत बसून द्राक्षं टिपणारे पक्षी. कमरेच्या उंचीवर चारही बाजूंनी फिरणारा अक्षरांचा एक पट्टा, काड्या मांडाव्यात तशी सरळ सरळ अक्षरं. प्रमिलाताई हात मागे बांधून त्याच्याभोवती दोनदा फिरल्या. "ही वेल काढणाऱ्याने पक्षी नीट बघितलेले आहेत हो," म्हणाल्या. "बघ, हा खातोय, आणि तो वरचा याच्यावर डोळा ठेवून आहे."

सेन्सेईंनी मग अडचण सांगितली. मूळ दगड उघड्यावर पावसात झिजत गेला आणि त्याच्यावरची पट्ट्यातली निम्मी अक्षरं आता वाचताच येत नाहीत. ती शाबूत आहेत ती या नकलेवर. आणि हा हॉल हिवाळ्यात पाडणार. नकलेला मधोमध चीर गेलेली, हलवायला गेलं तर भुगा होईल असं दोन जाणकारांनी सांगितलेलं. तेव्हा ती जायच्या आत तिचे पूर्ण ठसे घ्यायला हवेत. घ्याल का, असं त्यांनी प्रमिलाताईंना विचारलं ते कमरेत पुरतं वाकून. प्रमिलाताई मला म्हणाल्या, "ह्यांना सांग, वाकू नका, म्हणावं, आधी पाणी कुठे आहे ते दाखवा."

त्र्याण्णवच्या शरदात तीन आठवडे आम्ही त्या हॉलमध्ये होतो. प्लास्टर ओल्याने विरघळतं, पण या नकलेवर तेलाचे जाड हात दिलेले होते. तरी प्रमिलाताईंनी आधी पायापाशी हातभर जागा ओली करून पाहिली आणि एक दिवस वाट पाहिली. मग कागद. त्या ठोकायला लागल्या की त्यांचं वय दहा वर्षांनी कमी व्हायचं. माझ्याकडे बिनजोखमीचं काम होतं, वाळलेला कागद उतरवायचा आणि पाठीवर पेन्सिलीने बाजूचा आणि उंचीचा आकडा घालायचा. सई तेव्हा पोटात, पाचवा महिना, शिडीवर चढायला मला बंदी. ठोकता ठोकता त्या खूप बोलायच्या. त्यांच्या आईला साठीच्या आतच विसरायला व्हायला लागलं होतं. आधी किल्ल्या, मग नावं, शेवटी लेकीला "बाई, तुम्ही कुणाच्या?" असं विचारायची. "मला एकच भीती वाटते बघ अनघा," म्हणाल्या होत्या, "मरायची नाही. पण हे असं झालं तर..." आणि ब्रश जोरात चालवायला लागल्या.

आकड्यांबद्दल त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पुस्तकवाला माणूस म्हणजे एक. तिथून डावा हात क्रुसाकडे ठेवून फिरायचं, म्हणजे पुढची बाजू दोन, मग तीन, मग चार. कारण अक्षरं डावीकडून उजवीकडे वाचायची आहेत, वाचणारा उजवीकडेच सरकणार. "देवळातल्यासारखं नाही हं, नेमकं उलटं," असंसुद्धा म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली. आणि आकडे घालायला उठले ती सरळ उजवा हात क्रुसाकडे ठेवून चालायला लागले. लहानपणापासून ज्याच्याभोवती फिरायचं त्याला उजव्या हाताला ठेवायचं हेच पायांना ठाऊक. डोकं दुसरीकडे होतं, पोटातली लाथ मोजत होतं, आणि पायांनी आपली प्रदक्षिणा घातली. झालं, दोनची चार झाली आणि चारची दोन. दोन्ही अरुंद बाजूंना वेल आणि पक्षीच, त्यामुळे बघून काही खटकायचं कारण नव्हतं. कागद पेटीत गेले. डिसेंबरात हॉल पाडला. फेब्रुवारीत सई झाली.

मेमध्ये कॉलेजने त्या ठशांचं प्रदर्शन भरवलं. सेन्सेईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे कागद भिंतीवर लावले विद्यार्थिनींनी, माझे आकडे बघून. प्रमिलाताई मोतिया साडी नेसून आल्या होत्या, केसांत अबोलीच्या रंगाचं कसलंसं जपानी फूल, आणि इतक्या खुशीत की सर मला हळूच म्हणाले, "लग्नात एवढी हसली नव्हती." टोकियोहून एक विद्वान पाहुणे आले होते. ते भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले, मग हलक्या आवाजात सेन्सेईंना म्हणाले, की आपला काही गैरसमज होत असेल, पण या दोन बाजूंची कदाचित अदलाबदल झाली असावी, कारण अक्षरांचा अर्थ लागत नाही. सेन्सेई वाकले, कॉलेजच्या मुख्य बाई वाकल्या, विद्यार्थिनी वाकल्या. अख्खी रांग वाकलेली आणि मध्ये आम्ही दोघी ताठ. प्रमिलाताई माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं. "अनघा, मी तुला डावा हात म्हटलं होतं ना गं?"

मला स्वच्छ आठवत होतं. पण सुहासच्या विभागाचे प्रमुख चार पावलांवर उभे, सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे, खांद्याशी तीन महिन्यांची सई... आणि माझी मान वळली. "नाही हो, ताई. तुम्ही उजवा म्हणालात बहुतेक."

सेन्सेईंकडे वळून त्यांनी मोडक्यातोडक्या जपानीत, पण खणखणीत आवाजात सांगितलं, की चूक माझी, मी चुकीचं सांगितलं, आणि त्याही वाकल्या. विद्यार्थिनींनी कागद काढून अदलाबदल करून लावले. दहा मिनिटांचं काम. पाहुण्यांनी लगेच अक्षरं वाचून दाखवली, टाळ्या झाल्या, ग्रीन टी आला. ठशांचं काही म्हणजे काही बिघडलं नाही. बिघडलं ते दुसरंच. घरी जाताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला अजूनही डावाच म्हटल्यासारखं आठवतंय. आईलाही असंच ठाम आठवायचं..." सांगायला तीच वेळ होती. पुढच्या थांब्यावर सांगू म्हटलं. मग त्यांचा थांबा आला.

कॉलेजच्या वार्षिक अंकात ठशांवर लेख आला आणि त्याच्या शेवटी, जपानी रीतीप्रमाणे, प्रदर्शनातल्या चुकीबद्दल दिलगिरी. बाजूंचा क्रम श्रीमती देवस्थळी यांच्या अनवधानाने चुकला होता, असं त्यात छापलेलं. सेन्सेईंनी पुढच्या वर्षी एका डोंगरातल्या शिळांचे ठसे घेऊ या म्हणून विचारलं तर त्यांनी साफ नाही म्हटलं. "ज्याला आपण काय बोललो ते आठवत नाही, त्याने दगडाला हात लावू नये." ब्रश धुऊन, कापडात बांधून कपाटावर टाकले. इस्पितळात जाऊन तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले काही नाही, तर म्हणाल्या, त्याला काय कळतंय, सुरुवातीला कुणालाच कळत नाही. आणि मग घरभर चिठ्ठ्या लागल्या. ‘गॅस बंद केला का.’ ‘किल्ली डावा खण.’ ‘आज कुणाला काय सांगितले ते लिहिणे.’

पंच्याण्णव साली सुहासला टोकियोत कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही ग्योतोकुला आलो. आपल्या माणसांचा घोळका, इडलीचं पीठ दळून देणाऱ्या बायका, मला एका ऑफिसात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, सईची पाळणाघराची घाई... सबबींना काही तोटा नव्हता. रविवारी त्यांचा फोन यायचा. त्या विचारायच्या, "हे मी तुला मागच्या वेळी सांगितलं का गं?" आणि दर वेळी मी म्हणायचे, "नाही हो, सांगा ना." एकदा सुहासला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तिला सांग ना." म्हटलं, "आता इतक्या वर्षांनी?" तो पेपर वाचायला लागला. त्याचंही बरोबरच होतं, त्यात तिसरं बोलण्यासारखं काही नव्हतंच.

यंदाच्या मे महिन्यात सरांचा फोन आला, पोटाचा कॅन्सर, पसरलेला, डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केलीय. मी जूनमध्ये एका शनिवारी सईला सुहासवर सोपवून शिंकान्सेनने, त्या बुलेट ट्रेनने, सेंदाईला गेले. टोकियोतल्या उएनो स्टेशनापासून सेंदाईपर्यंत दोन तास मी ते वाक्य घोकत होते. एकदा वाटलं, नको, मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास. मग माझं मलाच कळलं की हीसुद्धा मान वळवण्याचीच नवी तऱ्हा आहे.

त्या घरीच होत्या, खिडकीशी गादीवर. इतक्या लहान दिसत होत्या... आणि चिठ्ठ्या सगळीकडे. दिव्याच्या बटणावर, फ्रिजवर, उशाशी. सर औषधं आणायला बाहेर पडले. मी चहासुद्धा न ठेवता बसले आणि म्हटलं, "प्रमिलाताई, तुम्ही डावाच म्हणाला होतात."

"कुठलं गं?"

"क्रुसाचं. डावा हात क्रुसाकडे. तुम्ही अगदी स्पष्ट सांगितलं होतंत, देवळासारखं नाही म्हणूनही सांगितलं होतंत. मीच देवळासारखी फिरले. आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळं आठवत होतं. मी खोटं बोलले."

त्या म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. "अजून एकदा सांग, आणि रडू नकोस, शब्द कळत नाहीत." तिसऱ्यांदा सांगितलं. आणि मग त्या हाडाच्या सापळ्यातून जो आवाज आला! "भवाने! चार वर्षं! अगं, मी डोक्याचे फोटो काढून घेतले! मी ह्यांच्याशी बोलताना घाबरत होते, सेन्सेईंचे कागद मी परत पाठवले, मी झोपताना आईचं तोंड बघत होते डोळ्यांसमोर, आणि तू तिकडे मला ‘सांगा ना, सांगा ना’ करत होतीस!" उशाशी चष्म्याचं घर होतं ते त्यांनी मला फेकून मारलं. लागलं नाही, पण लागायला हवं होतं. तेवढ्यात सर दारात आले. त्यांना बघून त्या कोपरावर उठल्या आणि ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? माझं डोकं शाबूत आहे! पहिल्यापासून शाबूत होतं! ही अनघा खोटारडी आहे!" आणि हसायला लागल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. औषधांची पिशवी हातात धरून सर आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिले. कॅन्सर झालेल्या माणसाला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनीही नसावं.

"आधी त्या चिठ्ठ्या काढ," त्या मला म्हणाल्या. "सगळ्या. तुझ्या हातांनी." मी काढायला लागले. सर फ्रिजच्या मागच्या, कपाटांच्या आतल्या दाखवत होते. सगळ्या काढून झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "मला माफ केलंत ना?"

"इतक्यात नाही," त्या म्हणाल्या. "मला आत्ता कळलंय. जरा राग राग तरी करू दे की. चहा ठेव, आणि आलं किसून घाल, ठेचून नको."

त्यानंतर त्या पाच आठवडे होत्या. कपाटावरचे ब्रश खाली आले. अंथरुणात बसून त्यांनी घरातल्या बिडाच्या किटलीचा ठसा घेतला, तिच्या अंगावरच्या दाण्यादाण्यासकट, आणि रविवारी फोनवर म्हणाल्या, "हात भरून आलेत गं. फार छान वाटलं." मी भीत भीत विचारलं, राग गेला का. "थोडा आहे अजून. वरणाच्या पातेल्याला बुडाशी राहतं ना, तेवढा."

आणि त्याच आठवड्यांत त्यांनी आणखी एक उद्योग केला, जो मला त्या गेल्यानंतर सरांकडून कळला. त्यांनी ओनोदेरा सेन्सेईंना बोलावून घेतलं आणि सांगितलं, त्या अंकात माझी चूक छापलीत, ती दुरुस्त करा. सेन्सेईंनी ताबडतोब मान्य केलं आणि दोन दिवसांनी मजकूर लिहून आणला. संबंधितांमधल्या काही गैरसमजामुळे क्रमाबाबत घोटाळा झाला होता, असा. प्रमिलाताईंनी तो सरांकडून मराठीत करून घेतला आणि परत केला. "गैरसमज कसला? तिला नीट समजलं होतं. अनघा चुकली आणि वर खोटं बोलली, असं लिहा." सेन्सेईंना घाम फुटला. कॉलेजच्या अंकात एखादी बाई खोटं बोलली असं छापण्याची त्यांच्याकडे रीतच नव्हती. तीन दिवस वाटाघाटी चालल्या, एकीकडे सलाईन लावलेलं. शेवटी ‘खोटं’ हा शब्द प्रमिलाताईंनी सोडला, पण नाव सोडलं नाही. पक्का मजकूर त्यांनी दोनदा वाचून घेतला, आणि सर म्हणतात, त्या दिवशी दुपारी कितीतरी दिवसांनी गाढ झोपल्या.

गेल्या आठवड्यात पोस्टाने ती पट्टी आली. जुन्या अंकाच्या त्या पानावर चिकटवायची, बोटभर रुंदीची छापील पट्टी. तो अंक ज्याला ज्याला गेला होता त्या प्रत्येकाला सेन्सेईंनी ती पाठवलीय. मला एवढी जपानी लिपी वाचायला वेळ लागतो. सईला नाही लागत, निदान सोपी अक्षरं तरी ती धडाधड वाचते. माझ्या हातातली पट्टी तिने ओढून घेतली आणि बोट ठेवून वाचलं, "आ-ना-गा... बा-रु-बे... मामा, तुझं नाव!" अनघा बर्वेचं जपानीत तेच होतं, आणि मामा म्हणजे मी, इथल्या पोरांसारखी ती आईला मामा म्हणते. आईचं नाव छापून आलंय याचा तिला कोण आनंद झाला, उड्याच मारायला लागली. मग बाकीची किचकट अक्षरं तिला येईनात, तेव्हा पट्टी माझ्यापुढे नाचवत तिने जपानीतच विचारलं, "मामा, नानी शिता नो?" म्हणजे, तू काय केलंस?

मी तिला जवळ घेतलं. मान कुठेही वळली नाही.

"मी चुकले," म्हटलं. "देवस्थळी आजींचं बरोबर होतं."